एकट्या सल्लागाराने विक्री दुसऱ्याकडे सोपवावी का?

भोसरीकर:
आयएसओ ९००१ (गुणवत्ता व्यवस्थापनाचं आंतरराष्ट्रीय मानक) चं सल्लागाराचं काम एकट्याने करणारे काही जण हल्ली गिऱ्हाइकं आणायला कमिशनवर माणूस ठेवतात. मला हे अजिबात पटत नाही. कारखान्याच्या मालकाचा पहिला प्रश्न असतो, "सर्टिफिकेट किती दिवसांत?" कमिशनवाला ठोकून देतो, पंधरा दिवस. पण अंतर्गत ऑडिट आणि मॅनेजमेंट रिव्ह्यू (व्यवस्थापनाने घेतलेला आढावा) पार पडल्याच्या नोंदी असल्याशिवाय सर्टिफिकेशनचं ऑडिट पार पडत नाही. शिवाय सर्टिफिकेट देणारी संस्थाच वेगळी, सल्लागार ते देऊ शकत नाही. म्हणजे त्याने विकलं ते आपल्या हातातच नाही!

शॉप फ्लोअरवर एक चक्कर मारली की कॅलिब्रेशनची (अचूकता तपासण्याची) तारीख उलटलेला मोजमापाचा व्हर्निअर दिसतो, कुलूप नसलेली रेड बिन (नाकारलेल्या मालाची पेटी) दिसते. त्यावरूनच मॅन-डे, म्हणजे कामाला किती दिवस लागतील ते, ठरतात. ते दुसरा कोण बघणार? फोन घेणं, वेळ ठरवणं, कोटेशनचा पाठपुरावा, एवढं खुशाल सोपवा.

चाकणचा_सल्लागार:
अहो, दिवसभर आपण क्लायंटकडे, फोन सायलेंटवर. संध्याकाळी उत्तर देईपर्यंत दुसऱ्याचं कोटेशन पोचलेलं असतं. हातातलं काम संपतं आणि पुढचं नसतं, हे दुखणं तुम्हालाही असेलच.

पंधरा दिवसांची थाप मारली जाते, कारण काय बोलायचं नाही हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. मी माझ्या माणसाला लिहून दिलंय: मुदत, फी आणि "पास करून देतो" यावर तोंड उघडायचं नाही. पहिली बैठक तोच करतो.

अंबड_क्वालिटी (नाशिक):
दादा, लिहून देऊन भागत नाही. कमिशन कधी देता ते सांगा. पीओ (खरेदीची ऑर्डर) आल्यावर दिलं तर तो कुणाचीही पीओ आणणार, आणि पैसे बुडाले तर तुमचे. कमिशन फक्त जमा झालेल्या रकमेवर द्यावं. आपली उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर ४५ दिवसांत पैसे, नाहीतर व्याज, असा कायदा २००६ पासून आहे, पण नव्या गिऱ्हाइकाकडे व्याज मागायला कोण धजतं?

आणि जीएसटी विसरू नका. नोंदणीसाठीची २० लाखांची मर्यादा पूर्ण फीवर मोजतात, त्यातून कमिशन वजा होत नाही.

भोसरीकर:
ताई, कमिशनचं शंभर टक्के मान्य. पण पहिली बैठक मी कुणाला देणार नाही. मालक खरं कारण तिथेच बोलतो. कुणाला मोठ्या ग्राहकाने अट घातलेली असते, कुणाला टेंडरला कागद हवा असतो, कुणाला खरंच रिजेक्शन कमी करायचं असतं. तिन्हीचं काम वेगळं, फी वेगळी.

चाकणचा_सल्लागार:
ते कारण तुमच्याआधी त्याला कळतं, सर. माझा माणूस पूर्वी कटिंग टूल्स विकायचा. स्टोअरकीपरपासून परचेसपर्यंत सगळे त्याला नावाने हाक मारतात. मला गेटवर पाससाठी ताटकळत ठेवतात, तो आत बसून चहा पितो. फ्लोअर बघून मॅन-डे मीच ठरवतो, कोटेशनवर सही माझीच. त्याच्याआधीचं सगळं त्याला माझ्यापेक्षा चांगलं जमतं, मग मी ते का धरून बसू?