कलिंगडाचा दर्जा म्हणजे नुसता ब्रिक्स का?

धागाकर्ती

कलिंगडाच्या वाणांवरचं संशोधन मी बरीच वर्षं वाचते आहे. 'फळाचा दर्जा' हा शब्द आला की पुढच्याच ओळीत ब्रिक्स येतो, म्हणजे रसात विरघळलेल्या घटकांचं प्रमाण, ढोबळमानाने साखर. अमेरिकी प्रतवारीत 8 ला 'चांगलं' आणि 10 ला 'फार चांगलं' म्हणतात. नव्या वाणाने 12 गाठला की कौतुक होतं आणि विषय तिथेच संपतो. माझं मत स्पष्ट सांगते: या एका आकड्याच्या मागे लागून आपण वासाला फिकं आणि रोगाला दुबळं पीक घडवत चाललो आहोत.

एकदा स्वतः करून बघा. पिकलेलं फळ मधोमध चिरा. गाभ्यातला गर चिमटीत पिळून एक थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या, म्हणजे ब्रिक्स मोजायच्या यंत्राच्या, काचेवर टाका, झाकण लावा आणि उजेडाकडे धरून डोळा लावा. निळ्या-पांढऱ्याची रेष समजा 12 वर दिसली. काच पुसून घ्या. आता सालीपासून दोन बोटं आतला गर घ्या. रेष सहज तीनेक अंशांनी खाली येते. फळ तेच, सुरी तीच. मग या वाणाचा ब्रिक्स किती लिहायचा? लिहिला जातो तो गाभ्याचा.

शिवाय हे यंत्र गोडी मोजतच नाही. कलिंगडात ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि सुक्रोज अशा तिन्ही साखरा असतात. फ्रुक्टोज सुक्रोजहून गोड, ग्लुकोज त्याहून कमी गोड. त्यामुळे सारख्याच ब्रिक्सची दोन फळं जिभेला वेगळी लागतात. आणि कलिंगडाचा तो ताजा, हिरवट वास? तो येतो नऊ कार्बनच्या अल्डिहाइड आणि अल्कोहोल गटातल्या द्रव्यांमुळे. त्यातली बरीचशी गर चिरल्यावर, चावल्यावर तयार होतात. रिफ्रॅक्टोमीटरला त्यांचा पत्ताही नसतो.

सगळ्यात जास्त लागून राहिलेली गोष्ट वेगळीच आहे. 2012 मध्ये '97103' या पूर्व आशियाई वाणाचा जनुकसंच प्रसिद्ध झाला आणि त्यासोबत आणखी 20 नमुने तपासले गेले. लागवडीखाली येता येता या पिकाने रोगप्रतिकाराची अनेक जनुकं गमावली, असं त्यात दिसलं. गोडी कमावताना आपण काय सोडून दिलं याचा हिशेब कोणी मांडणार आहे का?

पैदासकार

असहमत. मी हेच काम करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

संकराच्या दुसऱ्या पिढीत हजारभर वेली उभ्या असतात. फळं जवळपास एकाच वेळी तयार होतात, हाताशी मोजके दिवस असतात आणि माणसं चार. ब्रिक्स अर्ध्या मिनिटात मिळतो. वासाची द्रव्यं तपासायची तर एकेका नमुन्याला यंत्रावर बराच वेळ जातो, आणि तोवर उरलेली फळं उतरून जातात. मोजता येत नाही त्यावर निवड करता येत नाही. हा आळस नव्हे, शेतातली अडचण आहे.

आता गोडीबद्दल. तुम्ही गोडीला चैन असल्यासारखं मांडलंत, ते मला पटत नाही. लिबियातल्या उत्खननात सापडलेल्या सुमारे 6000 वर्षांपूर्वीच्या बियांचा डीएनए वाचला गेला, निबंध 2022 चा आहे. त्या फळांचा गर कडू असणार असं जनुकांवरून दिसलं. म्हणजे तेव्हा लोक बहुधा बियांसाठी ते फळ जवळ करत होते. कुकुर्बिटासिन या द्रव्यामुळे येणारा तो कडूपणा जाणं आणि त्या जागी गोडी येणं, यातूनच आजचं कलिंगड घडलं. सुदानमधलं कोर्दोफान कलिंगड आजच्या कलिंगडाचं सगळ्यात जवळचं नातेवाईक आहे, असं 2021 च्या अभ्यासात निघालं. त्याचा गर पांढरा असतो, पण कडू नसतो. त्या टप्प्यापासून आजच्या लाल, गोड गरापर्यंतची वाट माणसांनी चाखून चाखून काढली आहे.

शिवाय गोडीमागचं शास्त्र आत्ता कुठे उलगडतं आहे. वेलीच्या पानांतून फळाकडे साखर येते ती बरीचशी रॅफिनोज आणि स्टॅकिओज या मोठ्या साखरांच्या रूपात. फळाशी आल्यावर 'क्ल-एजीए-2' या जनुकाचं एन्झाइम ती फोडतं, आणि मग 'क्ल-टीएसटी-2' हा वाहक ती पेशीच्या रिक्तिकेत, म्हणजे आतल्या साठवणीच्या पोकळीत, भरतो. रानटी जातीत ही व्यवस्था तोकडी आहे. हे सगळं कळलं ते ब्रिक्स नेमाने मोजला म्हणूनच.

मर रोगावर काम करणारा

धागाकर्तीशी निम्मा सहमत, पैदासकारांशी निम्मा.

फ्युझेरियम बुरशीमुळे येणाऱ्या मर रोगाच्या 2 क्रमांकाच्या वंशाला (बुरशीच्या एका उपप्रकाराला) दाद न देणारं कलिंगड शोधताना 1991 मध्ये 'पीआय 296341-एफआर' हा नमुना पुढे आला. आहे तो रानटी जातीचा, सिट्रुलस अमारस. गर पांढरट, घट्ट, गोडीच्या नावाने शून्य. त्याची प्रतिकारशक्ती खाण्याच्या वाणात आणायची म्हणजे पुन्हा पुन्हा चांगल्या वाणाशी संकर करत जायचं. सहा वेळा केलात तर सरासरीने रानटी वाटा एक टक्क्याखाली येतो. कागदावर हे सुंदर दिसतं. पण हव्या त्या जनुकाच्या अलीकडे-पलीकडे गुणसूत्राचा भलामोठा तुकडा चिकटून येतो आणि त्यात गराचा कडकपणा, कमी साखर असं नको ते सगळं असतं. आम्ही एकदा तिसऱ्या संकराची फळं कापली होती. वेली रोगात तगल्या होत्या, गर मात्र कच्च्या दुधी भोपळ्यासारखा. त्या ओळी, म्हणजे त्या संकरातून पुढे नेलेली संतती, टाकून द्याव्या लागल्या. ब्रिक्सची अट 10 ची होती आणि त्यांना 6 देखील जमले नव्हते.

तेव्हा त्या ओळी टाकल्या याचं मला आजही वाईट वाटतं. त्या अर्धवट होत्या, वाया गेलेल्या नव्हत्या.

पण दोन्ही गोष्टी एका वाणात येत नाहीत, हेही खरं नाही. 'चार्ल्सटन ग्रे' 1954 मध्ये आलं, मर आणि करपा या दोन्हींना त्या काळी बऱ्यापैकी तोंड देणारं आणि वाहतुकीत टिकणारं. त्याचंच रक्त असलेलं 'क्रिम्सन स्वीट' 1963 चं, आणि त्याच्या गोडीबद्दल कोणाची तक्रार ऐकली नाही.

बांधावरून

मी शास्त्रज्ञ नाही, पीक घेतो. तुम्ही सगळे बियाण्याबद्दलच बोलताय.

कलिंगड तोडल्यावर पिकत नाही. केळं घरात ठेवून गोड होतं, याचं तसं नाही. वेलीवर जेवढी साखर आली तेवढीच. देठाजवळची बाळी सुकली का, जमिनीला टेकलेला डाग पिवळसर झाला का, बोटाने वाजवल्यावर टणटण न होता डबडब आवाज येतो का, हे न बघता आठवडा आधी तोडलं तर जगातलं सगळ्यात भारी वाणही पाणचट लागणार. काढणीच्या तोंडावर पाणी जास्त दिलं तरी तेच, वर फळं तडकतात.

आणखी एक. भुरीने पानं गेली की फळ आकाराने भरतं पण गोड होत नाही, कारण साखर पानात बनते. म्हणून रोग वेगळा आणि दर्जा वेगळा असं तुम्ही दोघं म्हणताय ते मला कळतच नाही. पान टिकलं तर गोडी.

धागाकर्ती

@बांधावरून, हेच मला म्हणायचं होतं आणि मी ते नीट मांडलं नाही. रोगप्रतिकार हा दर्जाचाच भाग आहे. निरोगी प्रयोगक्षेत्रात फवारणीच्या आधाराने मिळालेला 12 हा त्या वाणाचा खरा 12 नाही.

@पैदासकार, मोजता येत नाही त्यावर निवड नाही, हे मान्य. पण मोजायला सोपं तेच महत्त्वाचं, असं त्यातून निघत नाही.

बिनबियांचा समर्थक

बिनबियांच्या कलिंगडाचा कोणी उल्लेखच केला नाही! जपानी शास्त्रज्ञ किहारा यांनी 1951 मध्ये मांडलेली पद्धत आजही तीच आहे. 22 गुणसूत्रांच्या रोपावर कोल्चिसीन हे रसायन वापरून 44 गुणसूत्रांचं झाड करायचं, त्याचा साध्या वाणाशी संकर करायचा, की 33 ची त्रिगुणित (गुणसूत्रांचे तीन संच असलेली) वेल मिळते आणि तिला पक्क्या बिया धरत नाहीत. गर सहसा जास्त घट्ट. दर्जातली ही मोठी उडी ब्रिक्सच्या मागे लागून आलेली नाही.

मर रोगावर काम करणारा

बरोबर, पण त्याची किंमतही सांगा. त्रिगुणित बियांचं कवच जाड असतं, उगवण कमी होते. परागकण निकामी, म्हणून शेजारी साधं वाण लावावं लागतं आणि मधमाश्या कमी पडल्या की गाभ्यात पोकळी पडते.

पैदासकार

कलमाचा पर्याय धरा ना मग. जपानमध्ये 1920 च्या दशकापासून भोपळ्याच्या खुंटावर कलिंगडाचं कलम करतात, मर रोग खालूनच अडतो. वरच्या वाणात आम्ही गोडी जपतो, खुंट रोग सांभाळतो. रानटी जातीतून एकेक जनुक उपसत वर्षं घालवण्यापेक्षा हे बरं.

धागाकर्ती

हे मला अजिबात पटत नाही. कलमाने गर घट्ट होतो, काही खुंटांवर चवही बदलते, हे तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. शिवाय प्रत्येक रोप हाताने जोडायचं. ज्याला ते झेपत नाही त्याच्या शेतात मर रोग येतोच. रोगाचं उत्तर बियाण्यात असलं तर ते पेरणाऱ्या प्रत्येकाला मिळतं.

2019 मध्ये सात जातींच्या 414 नमुन्यांचे जनुकसंच वाचून झाले. त्यात अमारस आहे, अतिकडू इंद्रावण आहे. चिकटून येणारा तुकडा कुठे तुटला हे आता रोपाच्या पहिल्या पानाच्या डीएनएवरून कळतं, फळाची वाट बघावी लागत नाही. 1991 मध्ये ही सोय नव्हती. तेव्हा ज्या ओळी टाकाव्या लागल्या त्या आज टाकायचं कारण नाही.

पैदासकार

मार्करने, म्हणजे डीएनएमधल्या ओळखखुणा बघून, तुकडा बारीक करता येतो, मान्य. पण त्यासाठी ते जनुक नेमकं कुठे आहे हे आधी माहीत हवं, आणि मर रोगाच्या 2 नंबर वंशाला प्रतिकार एकाच जनुकाचा नाही, थोडा थोडा अनेकांचा आहे. तुम्ही म्हणता तितकं ते सरळ नाही.

सालीजवळचा दुसरा आकडा मात्र घ्यायला हवा, हे पटलं. एका फळामागे अर्धं मिनिट वाढेल. गाभा 12 आणि कड 11 असलेली वेल मी गाभा 13 आणि कड 8 असलेल्या वेलीच्या वर ठेवीन. वासाबद्दल अजून पटलेलं नाही.

धागाकर्ती

वासासाठी सगळ्या हजार वेली कोण मागतंय? निवडीत शेवटी ज्या वीस ओळी उरतात तेवढ्या तपासा. आणि त्या वीसमध्ये निदान दोन ओळी ब्रिक्सला 9 असलेल्या, पण फवारणीशिवाय शेवटपर्यंत हिरव्या राहिलेल्या ठेवा.

पैदासकार

दोन नाही. एक ठेवीन.

मर रोगावर काम करणारा

एकीचं बी मला पाठवा, पुढचा संकर मी करतो.