मूल्यं जुळणारं गाव शोधून तिथे राहायला जावं का?

घरटं

शहर सोडायचं असं आमचं दोघांचं जवळजवळ ठरलं आहे. शहराचा कंटाळा आलाय म्हणून नाही. जे पटतं तसं जगता यावं एवढ्यासाठी. कमी वस्तूंत राहावं, जमेल तेवढं स्वतः पिकवावं, घरातला ओला कचरा घरच्याच मातीत जिरावा, ९ वर्षांच्या लेकीला खरा अंधार कसा असतो ते कळावं. इथे यातल्या एकेका गोष्टीसाठी झगडावं लागतं आणि रोज काहीतरी सोडून द्यावं लागतं.

गेल्या महिन्यात आम्ही वेगवेगळ्या खोल्यांत बसून, एकमेकांचं न बघता, नव्या गावात काय हवं अशा दहा-दहा गोष्टी कागदावर लिहिल्या. १२ वर्षांच्या संसारानंतर त्यातल्या फक्त ४ जुळल्या. नवऱ्याची पहिली ओळ होती, ‘रात्री आकाश दिसावं.’ माझी होती, ‘बोलायला कुणी असावं.’ त्या रात्री आम्ही बराच वेळ जागे होतो.

माझं मत असं की लोक डोंगर, नदी, जमिनीचा तुकडा बघून गाव निवडतात आणि तिथेच चुकतात. आधी माणसं बघावीत. आपल्याशी विचार जुळणारी निदान चार-पाच घरं जिथे आहेत तेच गाव निवडावं, बाकीच्या गैरसोयी सोसता येतात. २००७च्या सुमारास जगातली शहरी लोकसंख्या पहिल्यांदाच ग्रामीण लोकसंख्येपेक्षा जास्त झाली. सगळे जिकडे चाललेत त्याच्या उलट जायचं तर सोबत हवीच.

पटत नसेल तर का पटत नाही ते मोकळेपणाने लिहा. निर्णय घ्यायच्या आधी ऐकायचं आहे.

पाणवठा

नाही पटत, ताई. ११ वर्षं खेड्यात काढली आहेत, म्हणून लिहितो.

पहिल्याच उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली गेलं. वर बसवलेली मोटर साधारण सात मीटरच्या पलीकडून पाणी ओढत नाही, हे मी वाचलेलं होतं. पण त्या सकाळी मोटर नुसती घरघरायला लागली, पाइपातून हवा यायला लागली आणि मला काही सुचेना. बांधापलीकडचा शेजारी आला. काही न विचारता त्याने स्विच बंद केला. “जळंल ती,” एवढंच म्हणाला. दुपारी दोन पोरांना घेऊन परत आला. विहिरीच्या आतल्या टप्प्यावर दोन ओंडके आडवे टाकले, दोर लावून मोटर त्यावर उतरवली, पाइपाच्या तळाची झडप म्हणजे फूटव्हॉल्व्ह, ज्याला सगळे फुटबॉलच म्हणतात, तो काढून त्यात अडकलेला पाला साफ केला, पाइप पाण्याने भरून हवा काढली. पाणी पडायला लागलं तेव्हा दिवस मावळला होता.

या माणसाचं आणि माझं एकाही विषयावर जमत नाही. मतदान, देव, झाडं तोडणं, कशावरच नाही. मुलींना किती शिकवावं यावरून तर आम्ही एकदा महिनाभर बोलत नव्हतो. तरी रात्री-अपरात्री माझ्या दारात सगळ्यात जास्त वेळा तोच उभा राहिला आहे, आणि त्याच्या दारात मी.

विचार जुळणारी पाच घरं तुम्हाला सापडतीलही. ती तीन किलोमीटरवर असतील तर सुट्टीच्या दिवशी गप्पांना जाल. बांधाला बांध लागून कोण आहे ते बघा, तो अडीनडीला येतो का ते बघा.

त्याच्याही आधी पाणी. उन्हाळ्याच्या शेवटी जाऊन विहिरीत डोकावा, पावसाळ्यानंतर सगळ्याच विहिरी भरलेल्या दिसतात. पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा नायट्रेटला लिटरमागे ५० मिलिग्रॅम आणि फ्लोराइडला १.५ मिलिग्रॅम आहे. दोन्ही डोळ्यांना दिसत नाहीत. उकळलं म्हणजे झालं असं लोक समजतात, पण उकळून नायट्रेट जात नाही, पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण वाढतंच. आणि घरापर्यंतचा रस्ता कुणाच्या जमिनीतून जातो, तो हक्क कागदावर आहे की जुन्या माणसांच्या बोलण्यावर, हेही बघा. बोलणारा गेला की रस्ता जातो.

खिडकी

पाणवठाकाकांना अनुमोदन. माझी भर एवढीच की घरून काम करणार असाल तर नेटवर्क स्वतः, त्या घरात, भर पावसात तपासा. गावाच्या चौकात येणारी रेंज टेकडीमागच्या घरात येत नाही. उपग्रहावरचं इंटरनेट आहे म्हणून निश्चिंत राहू नका. सुमारे ३६,००० किलोमीटरवरच्या उपग्रहावरून बोलताना प्रश्न आणि उत्तरात अर्ध्या सेकंदाहून जास्त अंतर पडतं. खालच्या कक्षेतल्या उपग्रहांना ती अडचण नाही, पण वीज गेली की तेही बंदच.

घरटं

काका, शेजाऱ्याचा प्रसंग दोनदा वाचला. नवऱ्यालाही वाचून दाखवला. तरीही पूर्ण सहमत नाही.

मूल्यं म्हणजे फक्त मतं, असं तुम्ही धरलंय. मी सांगते ती मूल्यं हाताने करायच्या कामांतली आहेत. मी विषारी फवारणी न करता भाजी लावली आणि वाऱ्याच्या दिशेला शेजारी फवारतोय, तर माझं मूल्य त्याच्या नोझलपाशी संपतं. बऱ्याच ठिकाणी सेंद्रिय प्रमाणपत्रासाठी हंगामी पिकांना २ आणि फळबागांना ३ वर्षं थांबावं लागतं. ती वर्षं एका फवाऱ्याने वाया जाऊ शकतात. कुणी रोज संध्याकाळी माझ्या लेकीच्या खिडकीखाली प्लास्टिक जाळत असेल, तर तो किती मदतीला येतो याने तिच्या छातीतला धूर कमी होणार नाही. अशा वेळी भांडून बदलण्यापेक्षा आधीच जुळणाऱ्यांत जाणं शहाणपणाचं नाही का?

दिवेलागण

धाग्याच्या शीर्षकापासूनच मला अडखळायला झालं. ‘मूल्यं जुळणारं गाव.’ तुम्ही गाव निवडताय. गावाने तुम्हाला निवडलंय का?

मी खेड्यात जन्मले, तिथेच वाढले आणि तिथून निघाले. आमच्याकडे बाहेरून आलेल्यांनी घरं घेतली. माणसं चांगली होती, झाडं लावणारी, हळू बोलणारी. त्यांची घरं वर्षातले बरेच महिने बंद असतात. आजूबाजूच्या जमिनीचे भाव असे चढले की माझ्या चुलतभावाला स्वतःच्या गावात घर बांधायला जागा घेता येईना. यात कुणाची वाईट बुद्धी नव्हती, तरी भाऊ गावाबाहेर गेला तो गेलाच.

आणि शांतता म्हणाल तर, कामाचं गाव शांत नसतं. पहाटे जनावरं ओरडतात, शेणखताचा वास येतो, रात्री वीज आली की पंप सुरू होतात. फ्रान्समध्ये ओलेरॉन बेटावर सुट्टीसाठी घर घेतलेल्यांनी शेजारचा कोंबडा पहाटे आरवतो म्हणून दावा लावला होता. २०१९ मध्ये कोर्टाने कोंबड्याच्या मालकिणीच्या बाजूने निकाल दिला आणि जानेवारी २०२१ मध्ये खेड्यातले आवाज आणि वास हा वारसा मानणारा कायदाच तिथे झाला. कोंबड्यासाठी कायदा करावा लागला, यावरून गावकऱ्यांना किती लागलं असेल ते समजा.

घरटंताई, तुम्ही लिहिलंय ‘बोलायला कुणी असावं.’ ते नक्की मिळेल. पण न बोलता, कुणाच्या नजरेत न येता राहायची जी मुभा शहराने तुम्हाला दिली ती तिथे नसेल. मी कुठे गेले, कुणाशी बोलले, कधी परतले हे मी घरी पोचायच्या आधी घरी पोचलेलं असायचं. मी निघाले त्याचं मोठं कारण ते होतं. तुमची लेक उद्या १५ वर्षांची होईल.

कडुनिंब

मी धागाकर्तीच्या बाजूने बोलणार होतो, कारण ती सांगते तेच मी केलं. सहा कुटुंबं, एक विचार, एक जमीन. पहिली तीन वर्षं आयुष्यातली सर्वांत चांगली होती. पहाटे उठून सगळ्यांनी मिळून बी टोकायचं, रात्री कंदिलाच्या उजेडात वाचन करायचं.

चौथ्या वर्षी मोडलं. तात्त्विक मतभेद एकही नव्हता. जनावरांचा गोठा कुणी आणि कितीदा साफ करायचा यावरून मोडलं. कागदावर पाळ्या लावलेल्या होत्या. एक जण सतत बाहेरगावी भाषणं द्यायला जायचा, साध्या जीवनावरच, आणि त्याची पाळी माझी बायको करायची. तिने दोन वर्षं काही म्हटलं नाही. एक दिवस खोरं भिंतीला टेकवून ठेवलं आणि ती आत येऊन बसली. मला तेव्हा कळलं की आमचे विचार जुळत होते, कष्टांची वाटणी कधी जुळलीच नव्हती.

रोख पैशाचंही बोला. निअरिंग पती-पत्नी, हेलन आणि स्कॉट, १९३२ मध्ये न्यूयॉर्क सोडून अमेरिकेतल्याच व्हरमाँट राज्याच्या डोंगरात गेले. स्वतः पिकवून जगण्याचं उदाहरण म्हणून त्यांच्याकडे बघतात, पण मीठ-रॉकेलसारख्या गरजांसाठी आणि करांसाठी रोकड लागतेच, ती ते मेपलचा पाक विकून मिळवत. शिवाय २० वर्षं राबून उभी केलेली जागा, जवळ स्कीइंगचं रिसॉर्ट येऊ लागल्यावर, १९५२ मध्ये सोडून ते मेन या दुसऱ्या राज्यात गेले. तुम्ही निवडलेलं गाव दहा वर्षांनी तेच गाव असेल असं धरू नका.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे. मूल्यांवर मला काही म्हणायचं नाही, वेळेवर म्हणायचं आहे.

मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून झटका आला तर ती विरघळवणारं औषध साधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्याआधी स्कॅन करून आत रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. म्हणजे जवळचा दवाखाना किती लांब हा प्रश्नच नाही, स्कॅनची सोय असलेलं, रात्री उघडं असलेलं रुग्णालय किती तासांवर हा प्रश्न आहे. “सकाळपर्यंत बघू” म्हणून थांबलेली माणसं मी आठव्या तासाला दाखल करून घेतली आहेत. त्यांच्या मुलांचे चेहरे विसरता येत नाहीत.

घर पक्कं करायच्या आधी एकदा रात्री दोन वाजता, पावसात, त्या घरापासून त्या रुग्णालयापर्यंत गाडी चालवून बघा. आई-वडील सोबत येणार असतील तर त्यांना गाडीत बसवून. विचार जुळणाऱ्या पाच घरांपैकी रात्री गाडी कोण काढेल तेही विचारून ठेवा.

पायवाट

इथे सगळी मोठी माणसं बोलताहेत. मी त्या घरातलं मूल आहे.

मी ९ वर्षांची असताना आई-बाबा मला घेऊन गेले. तीन वर्षं स्वर्ग होता. मला पाखरांच्या आवाजावरून पाखरू ओळखता येतं, अंधाराची भीती वाटत नाही, हे तिथलंच. मग मी १२-१३ची झाले. जिवाभावाची मैत्रीण १४ किलोमीटरवर राहायची. तिला भेटायचं म्हणजे बाबांना वेळ असायला हवा, गाडीत इंधन असायला हवं, आणि कशाला जायचंय ते सांगायला हवं. मैत्रीत ‘कशाला’ नसतं. मी हळूहळू विचारायचंच सोडलं. आईला वाटलं मुलगी शांत झाली, गावाने तिला समजूतदार केलं. ती हे अभिमानाने पाहुण्यांना सांगायची आणि मी ऐकत उभी असायची.

त्यांच्यावर राग नाही. पण मूल्यं त्यांची होती, अंतर माझ्या वाट्याला आलं. घरटंताई, तुमच्या घरात दोनच कागद लिहिले गेले. तिसरा कुठे आहे?

घरटं

पायवाट, तुमचा प्रतिसाद वाचून मी उठून लेकीच्या खोलीत गेले. झोपली होती. काल दुपारी तिला कागद दिला आणि आम्ही दोघं बाहेर थांबलो.

तिने सातच गोष्टी लिहिल्या. दुसरी अशी होती, ‘एक मैत्रीण अशी पाहिजे जी चालत येईल.’ सहावी होती, ‘आवडलं नाही तर सांगता आलं पाहिजे.’ सहावी वाचून मला बसावं लागलं, कारण आम्ही कधी तिला तसं म्हटलंच नव्हतं.

विचार जुळणाऱ्या घरांचा माझा हट्ट मी पूर्ण सोडलेला नाही. फवारणी आणि धुराच्या बाबतीत अजूनही तेच म्हणणं आहे. पण क्रम बदलला. आता आधी पाणी, रुग्णालयाची वेळ, आणि लेकीच्या वयाची मुलं चालत जाण्याच्या अंतरावर. जमीन विकत घ्यायची नाही. दिवेलागण, तुमच्या चुलतभावाचं वाचल्यापासून बंद पडलेलं जुनं घर भाड्याने घेऊन दुरुस्त करून राहायचं मनात आहे. एक वर्ष. सुरुवात उन्हाळ्यात करायची, पाणी सर्वांत कमी असताना. वर्ष संपल्यावर तिघांनी पुन्हा कागद लिहायचे, आणि तिचा नकार असेल तर परत यायचं.

ज्या घराचं बोलणं चाललंय तिथली विहीर शेजाऱ्याशी सामाईक आहे. काका, अशा वेळी काय विचारून घ्यावं?

पाणवठा

मोटर कुणाची, वीजबिल कसं वाटायचं, पाणी कमी झालं की पहिली पाळी कुणाची, हे तीन प्रश्न. घरमालकाला तर विचाराच, पण शेजाऱ्याला वेगळं भेटून विचारा. दोघांची उत्तरं जुळली नाहीत तर ते घर घेऊ नका.

छपराचं माप घेऊन या. १०० चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस पडला की १०० लिटर पाणी पडतं, थोडं वाया जातं. पहिल्या सरीचं पाणी सोडून द्यायचं, त्यात छपरावरची घाण असते. टाकी किती मोठी लागेल तो हिशोब इथेच करू. आणि मोटर पाण्यापासून सात मीटरच्या आत आहे का, ते दोर सोडून मोजा.