रविवार कारंज्याजवळ मनोरा: आक्षेप घेणारे विकासाचे शत्रू आहेत काय?

गोदाकाठ: गंगापूर रोडकर, जुने वाडे एकत्र करून नाशिकच्या रविवार कारंज्याजवळ चाळीस मजली मनोरा आणि खाली तीन मजली वाहनतळ उभारावा, तसेच रचनेवर टीका करणाऱ्यांनी आयफेल मनोऱ्याला विरोध करणाऱ्यांची फजिती आठवावी, असे आपण काल लिहिले आहे. उदाहरण अर्धेच दिलेत. पॅरिसच्या कलावंतांनी १८८७ साली निषेध केला हे खरे. परंतु तो मनोरा मोकळ्या मैदानावर उभा राहिला. त्याच शहरात १९७३ साली भर वस्तीत मोंपार्नासचा सुमारे २१० मीटरचा मनोरा झाला आणि तो लोकांच्या डोळ्यांत इतका खुपला की १९७७ मध्ये शहरातील इमारतींना ३७ मीटरची मर्यादा घालण्यात आली. शिवाय आपल्याकडे १९६९ आणि २००८ च्या गोदावरीच्या महापुरांत सराफ बाजार पाण्याखाली गेला होता. त्याच्या इतक्या जवळ तळघरे खणण्याचा विचार करणाऱ्याने पूररेषेचा नकाशा निदान एकदा पाहावा.

गंगापूर रोडकर: तळघराचा मुद्दा मान्य करणे भाग आहे. मात्र उंच इमारत म्हणजे कुरूप इमारत हे समीकरण मला अमान्य आहे. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी मुंबईतील कांचनजंगा इमारतीत दोन मजली उंचीच्या गच्च्या कोपऱ्यांत खोलवर घेऊन ऊन आणि पाऊस घराबाहेर थोपवला; जुन्या बंगल्यांच्या व्हरांड्याचाच तो विस्तार होता. असे काही नाशिकमध्ये का होऊ नये? आपण मोंपार्नाससारख्या मनोऱ्यावर टीका करता आणि शिक्षा प्रत्येक उंच इमारतीला देता.

वाड्यातला भाडेकरू: आपण दोघेही दुरून दिसणाऱ्या देखाव्याविषयी बोलत आहात. आमच्या वाड्याची मागची भिंत पावसाळ्यात रात्री कोसळली, तेव्हा आईला शेजाऱ्यांनी खिडकीतून बाहेर काढले. दरवर्षी धोकादायक इमारतीची नोटीस दारावर लागते, पण घर सोडून जायचे कोठे आणि परत येण्याची हमी कोण देणार, याविषयी कोणी बोलत नाही. मनोऱ्यात घर मिळाले तरी लिफ्ट, पंप आणि पहारेकरी यांचा मासिक खर्च आम्हाला कसा परवडणार?

वाडामालक: हमी मागण्यापूर्वी आपण भाडे किती देता तेही लिहा. आमच्या वाड्याचे महिन्याचे भाडे एकत्र केले तरी कौले शाकारणाऱ्याची मजुरी निघत नाही. सागवानी खांब वाळवीने पोखरले आहेत, चुलत्यांच्या वाटण्या न्यायालयात अडकल्या आहेत आणि दुरुस्तीला हात लावला की भाडेकरूच स्थगिती आणतात.

वाड्यातला भाडेकरू: स्थगिती आणली, कारण दुरुस्तीच्या नावाखाली जिना काढण्यात आला होता. वर राहणाऱ्यांनी उतरायचे कसे?

वाडामालक: जिना काढणे चूकच. परंतु प्रत्येक मालकाला त्याच मापाने मोजणे हा सरळ अन्याय आहे, आणि तो मी ऐकून घेणार नाही.

गोदाकाठ: वाद या वळणावर जाणे योग्यच आहे, कारण रचनेची परीक्षा येथेच होते. चार-पाच मजल्यांत, मधला चौक राखून, आहेत त्या कुटुंबांना तेथेच सामावता येते का, याचा आराखडा आधी मांडावा.

गंगापूर रोडकर: चार-पाच मजल्यांत विक्रीयोग्य जागा फारशी उरणार नाही. मग बांधकामाचा पैसा कोण घालणार, तेवढे सांगा. मनोऱ्याचा हट्ट मी सोडतो.

वाड्यातला भाडेकरू: आणि बांधकाम चालेल तितके दिवस आमचे भाडे कोण भरणार, तेही त्याच कागदावर लिहा.