नाट्यगृहं आणि तरणतलाव : आधी वीज वाचवायची की आधी सोलर लावायचं?

मीटरवाली
आमच्या महापालिकेच्या अंदाजपत्रकात यंदा नाट्यगृह, तरणतलाव आणि क्षेत्रीय कार्यालयांच्या छतांवर सोलर पॅनेल बसवायला भरघोस तरतूद आहे. सोलरला माझा विरोध नाही. पण त्याच छतांखाली जुने पंखे, चोकच्या ट्यूबा आणि दिवसभर पूर्ण वेगाने फिरणारे पंप जसेच्या तसे राहणार, हे मला पटत नाही. आधी वापर कमी करा, मग उरेल तेवढ्यापुरतं सोलर लावा.

साधा हिशेब बघा. जुना पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी (कमी विजेवर चालणाऱ्या मोटरचा) पंखा तिशीच्या आसपास. रोज १० तास आणि वर्षाचे २५० दिवस धरले तर एका पंख्यामागे ११० युनिटं वाचतात. २०० पंख्यांच्या कार्यालयात झाली २२ हजार. तेवढी वीज सोलरने काढायची तर १५-१६ किलोवॅटचा संच आणि दीड हजार चौरस फुटांहून जास्त मोकळं छत लागतं.

खरी अडचण वेगळीच आहे. बिल जातं विद्युत विभागाकडे आणि बटण असतं नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाच्या हाताशी. त्याला आकडा कधी दिसतच नाही. म्हणून माझी मागणी : प्रत्येक इमारतीच्या दारावर महिन्याची युनिटं लिहा, आणि वाचलेल्या पैशातला अर्धा त्याच इमारतीच्या दुरुस्तीला द्या.

निवृत्त उपअभियंता
ताई, तळमळ समजते, पण मी या बाजूने आयुष्य काढलंय. सोलर म्हणजे एक निविदा, एक ठेकेदार, पाच वर्षांची देखभाल करारातच, आणि किती वीज तयार झाली ते मीटरवर दिसतं. २०० पंखे बदलायचे म्हणजे साठा नोंदवही, जुन्या मालाचा लिलाव, प्रत्येक खात्याच्या सह्या. शिवाय जुना पंखा बंद पडला तर वायरमन कपॅसिटर बदलून तासाभरात चालू करायचा. नव्याचा सर्किट बोर्ड गेला की तो खाली उतरवून कंपनीकडे पाठवायचा, आणि तोवर लिपिक घामाघूम.

बचतीतला अर्धा हिस्सा इमारतीला द्यायचा तर त्यासाठी वेगळं लेखाशीर्ष, म्हणजे अंदाजपत्रकात त्या खर्चाचं स्वतंत्र खातं हवं. ते नसेल तर ३१ मार्चला उरलेली रक्कम परत जाते.

पैसे न घालता करायची गोष्ट मात्र सांगतो. २०२० पासून २० किलोवॅटच्या वरच्या जोडणीला महावितरण केव्हीएएचवर बिल लावतं, म्हणजे प्रत्यक्ष काम करणाऱ्या विजेबरोबर तारांतून नुसती ये-जा करणारी वीजही त्यात धरली जाते. ही ये-जा कमी करणारी नाट्यगृहाची कपॅसिटर बँक बिघडलेली असेल तर काहीच काम न केलेल्या विजेचेही पैसे जातात. ती तपासा आणि मंजूर भार खरंच तेवढा लागतो का तेही बघा. एवढ्यानेही बिल हलतं.

रंगपटातून
मी प्रकाशयोजना करतो, त्यामुळे हा विषय निघाला की धास्ती वाटते. वीज बचतीच्या नावाखाली रंगमंचावरचे ‘पार’ (हॅलोजनचे मोठे दिवे) बदलून स्वस्तातले एलईडी आणले की प्रयोग मरतो. हॅलोजन मंद करत नेला की उजेड हळूहळू तांबूस होतो, संध्याकाळ उतरते तसा. साधा एलईडी मंद होतो पण रंग बदलत नाही, आणि अगदी खालच्या पातळीवर थरथरतो किंवा पटकन विझतो. ज्या प्रसंगात दोन माणसं अंधारात बोलत बसलीत तिथे हा झटका पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत जाणवतो. कृपा करून रंगमंचाला हात लावू नका.

गारवा दुरुस्ती
एसीचं काम करतो म्हणून दुसरी बाजू. एक हजार वॅटचे ४० पार पूर्ण लावले तर ४० किलोवॅट वीज, आणि तिची जवळपास सगळी उष्णता होते. ती बाहेर काढायला ११ टनांहून जास्त एसी लागतो. म्हणजे दादा, तुमच्या दिव्यांचं बिल दोनदा येतं. सगळा रंगमंच उजळायला चांगले एलईडी घ्या, हळव्या प्रसंगांसाठी थोडे हॅलोजन ठेवा. पण निविदेतल्या अटी प्रकाशयोजनाकाराने लिहायच्या, भांडार विभागाने नाही. ही अट मान्य असेल तर तुमचा विरोध राहतो का?

रंगपटातून
अट लेखी असेल तर नाही. तोंडी असेल तर राहतो.

आणि रंगमंचाआधी प्रेक्षागृहाकडे बघा. प्रयोग साडेनऊचा आणि झाडलोट चालू असताना पाचपासून एसी १८ वर, हे मी अनेक ठिकाणी पाहिलंय. थंडी वाजते म्हणून आजीआजोबा शाल घेऊन नाटकाला येतात!

गारवा दुरुस्ती
अगदी खरं. एक अंश वर नेला की एसीची सुमारे ६ टक्के वीज वाचते असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. २०२० पासून स्टार लेबलचे नवे घरगुती एसी २४ वरच सुरू होतात. नाट्यगृहाच्या मोठ्या यंत्रणेला मात्र हे लागू नाही, तिथे कोणीतरी ठरवावं लागतं.

पहाटेचा जलतरणपटू
तरणतलावाबद्दल कोणी बोललंच नाही. ५० मीटर लांब, २५ मीटर रुंद, सरासरी २ मीटर खोल म्हणजे २५ लाख लिटर पाणी. ते गाळणीतून सतत फिरवावं लागतं. पंपाला व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) लावून वेग २० टक्क्यांनी उतरवला की शक्ती निम्म्यावर येते, कारण ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. तेवढंच पाणी फिरवायला सव्वापट वेळ लागतो, तरी एकूण वीज तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाचते.

शिबिराची ताई
मी मे महिन्यात मुलांची बॅच घेते आणि मला हे नको आहे. गर्दीत पाणी गढूळ झालं तर जीवरक्षकाला तळ दिसत नाही. तळाशी गेलेलं मूल दिसलं नाही तर पुढे काय होतं ते मला लिहायचंही नाही. रात्री वेग कमी करा, हरकत नाही. बॅच चालू असताना आणि गाळणी उलटी धुताना पूर्ण वेगच हवा, आणि वेग बदलायचा अधिकार तलावावर उभ्या असलेल्या माणसाकडे हवा.

करदाता नागरिक
एवढं कशाला? अकोला महापालिकेने २००७ मध्ये वाट दाखवली आहे. तिथे एका खासगी कंपनीने स्वतःच्या पैशाने ११ हजारांहून जास्त पथदिवे बदलले, देखभाल केली, आणि मोबदला घेतला तो वाचलेल्या विजेतूनच. बचत साधारण ५६ टक्के झाली. महापालिकेच्या तिजोरीतून सुरुवातीला काही गेलं नाही. नाट्यगृहांना हेच करा.

निवृत्त उपअभियंता
पुढचंही सांगा. त्या करारात बचतीतला ९५ टक्के वाटा सहा वर्षं कंपनीचा होता आणि गुंतवणूक साधारण वर्षभरात वसूल होण्यासारखी होती. वाटाघाटीला बसणाऱ्याला हिशेब येत नसेल तर असंच होणार. शिवाय पथदिवे रोज ठरलेले तास जळतात, बचत सरळ मोजता येते. नाट्यगृहात एका महिन्यात ६० प्रयोग, पुढच्यात २०. बिल उतरलं ते एलईडीमुळे की नाटकं कमी झाली म्हणून, हे कोण ठरवणार?

मीटरवाली
म्हणूनच दारावर नुसती युनिटं नकोत. नाट्यगृहात प्रयोगामागे युनिटं, तलावावर पोहणाऱ्या माणसामागे युनिटं. हे वर्षभर लिहिलं की कंपनीशी बोलताना आकडा आपल्या हातात असेल. पंख्यांचं म्हणाल तर २०२३ पासून त्यांना स्टार लेबल सक्तीचं आहे. निविदेत पाच स्टार, जास्त मुदतीची हमी आणि शहरातच दुरुस्ती केंद्र अशी अट घाला, वायरमनची अडचण सुटेल.

निवृत्त उपअभियंता
मोजा, जरूर मोजा. पण त्या वर्षभरासाठी सोलरची तरतूद अडवू नका. मार्चअखेर ती गेली की पुन्हा मिळेल याची खात्री कोणी देणार नाही.

मीटरवाली
वर्षभर अडवा म्हणत नाही. ज्या कार्यालयांचा वापर दिवसा आणि ठरलेला आहे तिथे आत्ता लावा. नाट्यगृह आणि तलावावर किती सोलर लावायचं ते मोजमाप झाल्यावर ठरवा, आणि वेगळे मीटर बसवायचं काम याच निविदेत घाला. प्रभाग समितीच्या पुढच्या बैठकीत मी हेच लेखी देणार आहे. साहेब, लेखाशीर्षाचा मसुदा करून द्याल का?