मेडिकल असिस्टंट : फी आणि पगाराचा मेळ

जावेला ग्रीन कार्ड मिळालंय आणि न्यू जर्सीत मेडिकल असिस्टंट (दवाखान्यात डॉक्टरांना मदत करणारी व्यक्ती) होण्यासाठी 18 हजार डॉलर फीचा खाजगी कोर्स की कम्युनिटी कॉलेज (कमी फीचं स्थानिक सरकारी कॉलेज), असं तुम्ही विचारलंय. माझं मत ठाम आहे : आधी कम्युनिटी कॉलेज बघा.

अमेरिकेच्या कामगार खात्यानुसार मे 2024 मध्ये मेडिकल असिस्टंटचा मध्यक पगार (निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त) वर्षाला 44,200 डॉलर होता, म्हणजे तासाला साधारण 21 डॉलर. नवशिक्याच्या हातात त्याहून कमीच पडतात. 18 हजारांचं कर्ज साडेसहा टक्क्यांनी दहा वर्षं फेडायचं तर महिन्याला जवळपास 204 डॉलर जातात. मुलं लहान असतील तर त्यात पाळणाघराचा खर्च धरा. (तो लोक हमखास विसरतात.)

कॉलेज स्कोअरकार्ड या सरकारी साइटवर अनेक कोर्सेसची पदवीधरांची कमाई आणि कर्ज शेजारी-शेजारी दिसतं, ते नक्की बघा. ग्रीन कार्डवर पेल ग्रँटसाठी (कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांना मिळणारी सरकारी मदत) अर्ज करता येतो आणि ती रक्कम सहसा परत करावी लागत नाही, म्हणून कुठल्याही कर्जावर सही करण्याआधी फाफ्सा (सरकारी शिक्षण-मदतीचा अर्ज) भरा.

आणि कोर्सला सीएएएचईपी किंवा एबीएचईएस या आरोग्य-शिक्षणाचे कोर्स तपासणाऱ्या संस्थांची मान्यता आहे का, हे लेखी विचारा. सीएमए (सर्टिफाइड मेडिकल असिस्टंट) या प्रमाणपत्राच्या परीक्षेला नव्याने बसणाऱ्यांची वाट मुख्यतः तिथूनच जाते.