'खोटी' बरगडी म्हणजे कोणती?

रेडिओग्राफीच्या अभ्यासाला लागलेय आणि एका शब्दापाशी अडलेय. पुस्तकात बरगड्यांच्या १२ जोड्या दिल्यात: पहिल्या ७ 'खऱ्या', त्यापुढच्या ३ 'खोट्या', शेवटच्या २ 'तरंगत्या'. हाड खोटं कसं असेल? शिवाय एक्स-रेवर चौथी-पाचवी बरगडीही पुढच्या टोकाला अधांतरीच दिसते. मग तिला 'खरी' का म्हणायचं?

*

ताई, हाडं सगळी खरीच. नाव पडलंय ते छातीच्या मधल्या हाडाशी, म्हणजे उरोस्थीशी, असलेल्या जोडणीवरून. पहिल्या सातांची कूर्चा, म्हणजे बरगडीच्या पुढच्या टोकाचा हाडाहून मऊ, लवचिक भाग, थेट उरोस्थीला भिडते. ८, ९, १० यांची कूर्चा वरच्या बरगडीच्या कूर्चेला जाऊन मिळते. ११ आणि १२ची टोकं पुढे कशालाच जोडलेली नसतात. 'खोटी' हे लॅटिन नावाचं शब्दशः भाषांतर आहे आणि मला ते मुळीच आवडत नाही. मराठीत खोटे दात म्हणजे बनावट दात. 'थेट', 'आडून जोडलेल्या' आणि 'सुट्या' म्हटलं तर नावातच रचना कळते.

अधांतरी दिसण्याचं कारण कूर्चा. ती क्ष-किरणांना हाडासारखी अडवत नाही, म्हणून फिल्मवर बरगडी मध्येच संपल्यासारखी वाटते. उतारवयात कूर्चेत कॅल्शियम साठलं की तोच भाग पांढरा उमटू लागतो.

म्हणून मोजताना मागून मोजा. मागचा भाग पाठीच्या मणक्याला जोडलेला आणि जवळजवळ आडवा असतो, पुढचा तिरका खाली उतरतो. रुग्णाने श्वास पुरता भरून घेतला असेल तर श्वासपटलाच्या, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या पडद्याच्या, वर मागच्या ९-१० बरगड्या मोजता येतात. कमी भरल्या तर आधी श्वास अपुरा होता का ते पाहा. अपुऱ्या श्वासात फुप्फुसाचा तळ उगाच दाट दिसतो.

*

'श्वासनलिका' हा शब्दही जपून वापरा. मुख्य नळी ती श्वासनलिका, तिच्या दोन शाखा त्या श्वसनी. बोलताना दोन्हींना एकच शब्द चालतो, रिपोर्ट वाचताना नाही. उजवी श्वसनी जास्त रुंद, आखूड आणि उभी असते. श्वासावाटे आत गेलेला दाणा बहुधा तिकडेच उतरतो.

*

फुप्फुस की फुफ्फुस? दोन्ही लिहिलेलं दिसतं.

*

'फुप्फुस' लिहावं. महाप्राणाचं (थ, ध, फ अशा 'ह'ची छटा असलेल्या अक्षराचं) द्वित्व होताना पहिलं अक्षर अल्पप्राण (त, द, प) होतं: बुद्धी, पत्थर, तसंच हे.

*

आज मागून मोजल्या, दहा भरल्या. वहीत 'तरंगत्या'शेजारी 'सुट्या' लिहून ठेवलंय.