अहेरी जिल्हा झाला म्हणून साहेब खुर्चीत बसणार आहे का?

कठाणीकाठचा
कालपासून एकच मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरून राहिला. "गडचिरोली तोडून अहेरी जिल्हा केल्याशिवाय दक्षिणेचा विकास नाही. ज्यांचा विरोध आहे त्यांनी एकदा सिरोंच्याहून एसटीनं गडचिरोलीला येऊन दाखवावं." आलो आहे बाबा. एकदा नाही, किती वेळा. २६ वर्षं याच जिल्ह्यात नोकरी केली, त्यातली ९ एटापल्ली-भामरागडकडे. म्हणून सांगतो, जिल्हा तोडून काही होत नाही. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूर तोडून आपला जिल्हा केला तेव्हाही हेच भाषण होतं, चांदा (चंद्रपूर) दूर पडते, कागद अडकते, साहेब दिसत नाही. मग ४ दशकांत काय झालं? तालुके १२ झाले, उपविभाग ६ झाले, अहेरीत अपर जिल्हाधिकारी पण दिला. पाट्या सगळ्या लागल्या. पण तिकडे बदली झालेला माणूस पहिल्या दिवशी हजर होते आणि दुसऱ्या दिवशी आजारपणाची मेडिकल रजा टाकते. एका ऑफिसात मी स्वतः ३ टेबलं सांभाळली, तिन्हीचा प्रभारी मीच, स्वतःलाच पत्र लिहायचं आणि स्वतःच आवक करून घ्यायचं. आधी मंजूर जागा भरा म्हणा, मग जिल्हा मागा.

सिरोंचाकर
काका, तुम्ही आलात ते सरकारी टीए-डीए, म्हणजे प्रवासभत्ता लावून. मी जातीच्या दाखल्याच्या व्हॅलिडिटीसाठी आलो, ३ वेळा, स्वतःच्या खिशातून. २०० किलोमीटरच्या आसपास अंतर, त्यात आलापल्लीपर्यंतचा रस्ता, त्याला रस्ता म्हणायचं तर म्हणा. पहाटेची गाडी धरली तरी पोचेपर्यंत जेवणाची सुट्टी लागलेली. मग शिपाई म्हणे साहेब व्हीसीत, म्हणजे व्हिडिओवरच्या मीटिंगमध्ये आहेत. व्हीसी संपली तर साहेब गेले. रात्र स्टँडवर काढली, फाइल दुपट्ट्यात गुंडाळून पोटाशी धरली, कागद दुमडला तर परत कोण येणार. सकाळी खिडकीवरच्या बाईनं वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रावर बोट ठेवलं, इथं सही राहिली. वडिलांची. वडील सिरोंच्यात! आता सांगा, ऑफिस अहेरीत असतं तर मी त्याच दिवशी सही आणून दिली असती का नाही?

आणि इतिहास काढलाच आहे तर पूर्ण काढा. इंग्रजाच्या काळात आमचं सिरोंचा स्वतः जिल्ह्याचं ठाणं होतं, अप्पर गोदावरी जिल्हा, १८७४ ला चांद्यात घातला. तुमची गडचिरोली साधी तहसील झाली तीच १९०५ ला. भंडारा तोडून १९९९ मध्ये गोंदिया केला, ते दोन्ही जिल्हे जोडले तरी आपल्या १४,४१२ चौरस किलोमीटरएवढे भरत नाहीत. तिथं कोणाला "आधी जागा भरा" सुचलं नाही. आमच्या वेळेसच सुचते.

कोरचीचा मास्तर
दोघंही भांडा. अहेरी जिल्हा झाला तर आमच्या कोरचीला काय फरक? आम्ही छत्तीसगडच्या कुशीत वरच्या टोकाला, आम्हाला तेच गडचिरोली. दक्षिण मागास, दक्षिण मागास ऐकून कान किटले. उत्तरेत काय सोन्याच्या विटा आहेत? आणि खरी गोष्ट कोणी बोलत नाही. सुरजागडची लोखंडाची खाण एटापल्ली तालुक्यात. जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा पैसा खाणीच्या जिल्ह्याला भेटते. उद्या तोडला की तो सगळा तिकडे आणि आमच्या वाट्याला धान आणि ते तुडवणारे रानहत्ती.

सिरोंचाकर
आलं ना पोटातलं ओठावर. म्हणजे डोंगर आमचा, धूळ आमची, ट्रकखाली येणारं माणूस आमचं, आणि पैशासाठी जिल्हा "अखंड" पाहिजे.

कोरचीचा मास्तर
एटापल्लीचा डोंगर सिरोंच्याचा कधी झाला जी?

वडसा जंक्शन
मधात बोलतो, माफ करा. जिल्हा करा, नाही तर नका करू, पण नाव आधी पक्कं करा. आमचे हाल पाहा. रेल्वे म्हणते वडसा, शासन म्हणते देसाईगंज. पोराच्या टीसीवर वडसा, दाखल्यावर देसाईगंज, आधारवर "देसाईगंज (वडसा)" कंसासहित. एका ऑफिसातून अर्ज वापस आला, शेरा काय तर "दोन्ही गावे एकच असल्याबाबत पुरावा जोडावा". स्टेशनचा फोटो जोडू का नगर परिषदेचा? शेवटी १०० च्या बॉन्डवर लिहून दिलं की मी ज्या गावात राहतो ते गाव तेच गाव आहे.

ब्रह्मपुरीचा भाचा
वडसा जंक्शन कधीपासून? मी तर लहानपणापासून गोंदिया-बल्लारशा गाडीनं येतो-जातो, साधं स्टेशन आहे.

वडसा जंक्शन
गडचिरोलीची ५२ किलोमीटरची लाइन झाली की होईन जंक्शन. तोपर्यंत जिल्ह्यातलं एकुलतं एक स्टेशन आहे ते, जरा मान ठेवा. आणि तुम्ही ब्रह्मपुरीवाल्यांनी बोलूच नये, तुमचा नवीन जिल्हा ठिकाण ब्रह्मपुरी का चिमूर या भांडणात अडकला.

ब्रह्मपुरीचा भाचा
चिमूरचा विषय काढू नका, सांगून ठेवतो. १९४२ ची क्रांती झाली, मान्य, नमस्कार. पण क्रांती झाली म्हणून कलेक्टर ऑफिस भेटत नसते. जुनी तहसील कोणती? ब्रह्मपुरी. रेल्वे कुठे? ब्रह्मपुरी.

वडसा जंक्शन
रेल्वेवर जिल्हा भेटत असता तर आम्हाला भेटला असता.

मुलचेऱ्याची सून
सगळे पुरुष नावावर आणि स्टेशनवर आले. कोणी आमच्या मुलचेऱ्याला विचारलं का की तुम्हाला कुठे जायचं? नकाशात सरळ अहेरीत टाकून मोकळे. माझं माहेर चामोर्शी तालुक्यात. उद्या सासर एका जिल्ह्यात, माहेर दुसऱ्या. जमिनीचा एक तुकडा इकडे एक तिकडे, सातबारा दुरुस्तीला मी दोन कलेक्टर हिंडू का? आणि अहेरी झालाच तर ऑफिस अहेरीत का आलापल्लीत यावरून पुढची २० वर्षं भांडाल, हायवे तर आलापल्लीतून जाते.

सिरोंचाकर
ताई, तुमचं बरोबर आहे, ग्रामसभांचे ठराव घेतले पाहिजेत, पेसाचा, म्हणजे आदिवासी ग्रामसभेला अधिकार देणाऱ्या कायद्याचा भाग आहे. पण काकांना विचारा, भामरागडात ते असताना परलकोटा नदी चढली की काय व्हायचं. पुलावर पाणी, गाव तुटलं, आणि मदतीचा आदेश गडचिरोलीतून.

कठाणीकाठचा
विचारायची गरज नाही, सांगतो. ऑगस्ट महिना होता. एका बाईला नावेतून पलीकडे नेलं, मी स्वतः छत्री धरून बसलो होतो तिच्या डोक्यावर. पोरगी झाली, काठावरच. अँब्युलन्स उशिरा आली ती गडचिरोली दूर आहे म्हणून नाही, ड्रायव्हरची जागा रिकामी होती म्हणून. तालुक्यातलीच जागा. तेव्हापासून मला कोणी नवीन जिल्हा म्हटलं की आधी ड्रायव्हर विचारावा वाटते.

सिरोंचाकर
मग तुमच्या हिशेबानं ड्रायव्हर भेटेपर्यंत आम्ही स्टँडवर झोपावं. आमचे लोक दवाखान्याला मंचेरियाल, वारंगलला जातात काका, दुसऱ्या राज्यात. गोदावरीवर पूल झाला म्हणून. आपल्या जिल्ह्याचं ठिकाण आम्हाला फक्त कागदासाठी माहीत आहे.

कठाणीकाठचा
बरं. व्हॅलिडिटीचा कॅम्प सिरोंच्यात लागला पाहिजे, महिन्यातून एकदा, इतकं मान्य करतो. लिहून घ्या, फ्रेम करा.

सिरोंचाकर
उपकार झाले. कॅम्पला यायला साहेबाला मेडिकल नाही लागणार ना?

कोरचीचा मास्तर
एक कॅम्प कोरचीला पण. नाही तर मी विरोधात.

कठाणीकाठचा
आता परत कधी येणार आहेस?

सिरोंचाकर
पुढच्या आठवड्यात. या वेळेस बहिणीची फाइल आहे.

कठाणीकाठचा
मंगळवारी ये, त्या दिवशी बहुतेक व्हीसी नसते. आणि स्टँडवर झोपू नको, माझं घर कॉम्प्लेक्सजवळच, कलेक्टर ऑफिसच्या बाजूला आहे. जिल्ह्याबद्दल माझं मत तेच आहे, जेवताना तो विषय काढायचा नाही.

सिरोंचाकर
काढणार. बहीण पण काढणार, ती माझ्याहून डेंजर आहे.

वडसा जंक्शन
या, या. आणि वडिलांची सही घेऊन निघा.